मोटारीचे रूप आणि मोटारीचे मोल



चाळीस-पन्नास लाखांच्या नव्या मोटारीचे रूप कसे आहे आणि तिची किंमत रास्त आहे की नाही, हा आजच्या भाषणाचा विषय. तो ऐकून कुणी म्हणेल, "अहो, आमच्याकडे ट्रॅक्टरचा हप्ता थकलाय, आणि तुम्ही हे कुठलं पुराण लावलंत?" शंका रास्त आहे. पण या विषयाचा आणि खेड्याचा संबंध वाटतो तितका लांबचा राहिलेला नाही.

एक तर, ज्या मोटारीबद्दल आज बोलायचे आहे, तिची जुळणी आपल्याच मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरजवळ जालना रस्त्यावरच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत झालेली आहे. दुसरे असे की, वसाहतींसाठी आणि महामार्गांसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, अशा पुष्कळ घरांत गेल्या वीस वर्षांत एकरकमी पैसा आला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तो २०२५ च्या जूनमध्ये पुरा खुला झाला. त्याच्याखाली कितीतरी वावरे गेली. अशा पैशाला पाय लवकर फुटतात, आणि त्या पायांची पहिली वाट बऱ्याचदा मोटारीच्या दुकानाकडे जाते. तिसरी गोष्ट शिक्षकबंधू-भगिनींसाठी. या मोटारीच्या किमतीत शेकडेवारीचा एक सुरेख धडा दडलेला आहे. तो फळ्यावर मांडता येईल.

आता ही मोटार म्हणजे काय, ते आधी पाहू. इंग्रजीत हिला एसयूव्ही म्हणतात, आणि खेड्यातही आता हेच नाव रुळले आहे. हिचे मूळ जीपमध्ये. विकास गटाचे अधिकारी, तलाठी-मामलेदारांचे साहेब, कालव्यावरचे इंजिनियर ज्या जीपमधून धुरळा उडवीत गावात येत, ती जीप वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तिला देखणी कुणी म्हटले नाही. लोखंडी शिडीसारखी मजबूत चॅसी, तिच्यावर वेगळी बसवलेली बॉडी, उंच चाके, आणि चिखलात रुतली तर चारही चाकांना जोर. तिचे रूप तिच्या कामातून आले होते. कुऱ्हाडीचा दांडा जसा हाताच्या मुठीतून आकार घेतो, तसेच.

पुढे काय झाले? जीपचे रूप लोकांना आवडू लागले. पण जीपचे हिसके कुणालाच नको होते. १९९४ मध्ये जपानच्या टोयोटा कंपनीने आरएव्ही-फोर नावाची गाडी काढली. वरून जीपसारखी उंच, आतून मात्र साध्या मोटारीसारखी एकसंध बांधणीची. हा तोडगा जगभर चालला. मग जर्मनीच्या श्रीमंती थाटाच्या कंपन्या त्यात उतरल्या. बीएमडब्ल्यूची एक्स-वन २००९ मध्ये आली, ऑडीची क्यू-थ्री २०११ मध्ये. या लहान आकाराच्या, पण थाटाच्या एसयूव्ही. आपल्या देशात एक्स-वन २०१० च्या डिसेंबरात सुमारे २२ लाखांना, तर क्यू-थ्री २०१२ मध्ये २६ लाख २१ हजारांना विक्रीस आली. क्यू-थ्रीची दुसरी पिढी २०२२ च्या ऑगस्टमध्ये आली, तेव्हा किंमत ४४ लाख ८९ हजारांपासून पुढे होती. ही क्यू-थ्री आपण नमुन्यादाखल घेऊ.

आधी रूपाविषयी.

बैलबाजारात जाणता शेतकरी काय करतो? देवणी असो की लाल कंधारी, तो आधी चार पावले मागे सरून जनावर नजरेखालून घालतो. कांती, शिंगे, वशिंड बघतो. मग जवळ जाऊन दात मोजतो, खूर उचलून पाहतो, आणि शेवटी बैल चालवून बघतो. लांबून पाहिलेले रूप आणि जवळून पाहिलेले अंग, ही दोन वेगळी माहिती आहे, हे त्याला ठाऊक असते. मोटारीलाही हीच रीत लावावी.

लांबून पाहिले तर गाडी उमदी दिसते. पुढची जाळी आठ कोनांची, रुंद आणि उभ्या पट्ट्यांची. तिच्यात चार कड्यांची खूण. १९३२ मध्ये ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्श आणि वांडरर या चार जर्मन कंपन्या एकत्र आल्या, त्याची ही चार कडी. बीएमडब्ल्यूच्या गाडीला पुढे दोन जुळ्या जाळ्या असतात. ती ओळख १९३३ पासूनची. कपाळावरचे गंध पाहून जसा संप्रदाय कळतो, तशी ही तोंडे पाहून घराणे कळते. यात गैर काही नाही. पण हल्ली ही तोंडे दरवर्षी मोठी होत चालली आहेत. इंजिनाला हवा लागते म्हणून जाळी असते, हे खरे. तरी आजच्या पुष्कळ मोटारींत जाळीचा बराच भाग आतून बंदच असतो. म्हणजे एवढे मोठे तोंड हवेसाठी उघडलेले नाही, समोरच्याने बाजूला व्हावे म्हणून उघडलेले आहे. आमच्या मते या वर्गातल्या गाड्यांच्या रूपातली ही सर्वांत कच्ची बाजू आहे. गाडीचा रुबाब तिच्या ठेवणीत असावा, डोळे वटारण्यात नसावा.

दुसरे पाहा. चाकांच्या कमानींभोवती आणि दारांखाली काळ्या प्लॅस्टिकची पट्टी लावलेली असते. काट्याकुट्यांतून, दगडधोंड्यांतून जाताना रंग खरवडू नये म्हणून अशी पट्टी, अशी त्यामागची समजूत. आणि चाके बघाल तर १८ इंची, चकचकीत अलॉयची, त्यांवर शहरी रस्त्याचे टायर. पाणंदीतल्या खडकाची कड टायरच्या बगलेला लागली, की हौस किती महाग असते ते कळते. क्यू-थ्रीच्या भारतीय गाडीला चारही चाकांना जोर मिळतो हे खरे. परंतु याच वर्गातल्या कित्येक गाड्यांना जोर फक्त पुढच्या दोन चाकांना असतो. जीपचा अंगरखा घातलेली ती शहरी मोटार आहे. तिने ते लपवलेले नाही. आपणच अंगरखा पाहून फसतो.

आता चांगलेही सांगितले पाहिजे. बसण्याची जागा फार खाली नाही आणि फार उंचही नाही. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला बसायला-उतरायला ही उंची फार सोयीची. मागचे आसन पुढे-मागे सरकते; सामान जास्त असेल तर डिकी मोठी करता येते. दार लावले की बाहेरचा आवाज तुटतो. आतली शिलाई, बटणांची बैठक, फटींची सारखी रुंदी पाहिली, की कारागिराचा हात कळतो. आपल्याकडच्या चांगल्या सुताराने बसवलेल्या दाराची आठवण यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, धडकेच्या युरोपीय चाचणीत २०१८ मध्ये या गाडीला पाचपैकी पाच तारे मिळाले होते. जीव वाचवणारे देखणेपण आम्ही खरे देखणेपण मानतो.

तिसरी पिढी २०२५ च्या जूनमध्ये युरोपात दाखवली गेली. तिच्यात दिवे दोन मजली केले आहेत; वर बारीक पापणीसारखी रेघ आणि खाली मुख्य दिवा. काहींना ती नवलाई वाटली, काहींना चेहरा तुटल्यासारखा वाटला. आमचे मत विचाराल तर जुने तोंड अधिक शांत होते. जर्मनीत तिची किंमत ४४,६०० युरोंपासून सांगितली गेली. युरोला शंभर रुपये असा ढोबळ दर धरला, तर ते झाले साडेचव्वेचाळीस लाखांच्या आसपास.

रूपाबद्दल इतके पुरे. आता मोलाकडे वळू. आणि इथे जरा सावरून बसा, कारण खरी गंमत पुढेच आहे.

शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडाच्या गाड्या २००१ पासून निघत आहेत. ऑडीच्या गाड्यांची जुळणीही तिथेच होऊ लागली. स्कोडा, फोक्सवॅगन आणि ऑडी ही एकाच जर्मन उद्योगसमूहाची भावंडे. २०२१ च्या डिसेंबरात फोक्सवॅगनने टिगुआन नावाची गाडी ३१ लाख ९९ हजारांना आणली. पुढच्या महिन्यात स्कोडाने सात आसनांची कोडियाक ३४ लाख ९९ हजारांपासून आणली. आणि ऑगस्टमध्ये क्यू-थ्री आली, ४४ लाख ८९ हजारांपासून. आता तिघींची अंगे तपासू. इंजिन? तिघींना दोन लिटरचे, १९० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन. गिअर? तिघींना सात गिअरांची, आपोआप बदलणारी पेटी. चारही चाकांना जोर? तिघींना. आतला सांगाडा? एकाच जातीचा. लांबी बघाल तर क्यू-थ्री ४,४८२ मिलिमीटर, आणि स्वस्तातली टिगुआन ४,५०९. म्हणजे सुमारे पावणेतीन सेंटिमीटरने मोठीच.

तीन बहिणी, एकच हाडपेर. साडी-चोळी आणि दागिने निरनिराळे.

टिगुआन आणि क्यू-थ्री यांच्या किमतींत फरक किती? १२ लाख ९० हजार. हा फरक सगळाच वाया गेला, असे कुणी म्हणू नये. ऑडीचे आतले काम अधिक सुबक होते. पुन्हा विकताना नावाला भाव मिळतो. पण या फरकाचा मोठा भाग चार कड्यांचा आहे, हे मान्य करावे लागते. तो शेतकऱ्याच्या मापाने मोजून पाहू. २०२२ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,३०० रुपये होता. १२ लाख ९० हजारांना ४,३०० ने भागा. उत्तर येते बरोबर ३०० क्विंटल. एकरी दहा क्विंटल उतारा धरला, आणि तो काही दरवर्षी पडत नाही, तरी तीस एकरांचे सगळे पीक. बियाणे, खत, मजुरी, फवारणी काहीएक वजा न करता. एवढे सोयाबीन केवळ एका मुखवट्यासाठी. ज्याच्यापाशी आहे त्याने खुशाल द्यावे. पण देताना आपण काय दिले, ते त्याला ठाऊक असावे.

बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत, आणि बाजूच्या माणसाला आकडा कळत नसे. मोटारीचा भाव छापील असतो. तरी त्याच्या पोटात काय काय आहे, ते रुमालाखालीच राहते. तो रुमाल आता बाजूला करू.

२२ सप्टेंबर २०२५ पासून देशात वस्तू व सेवा कराचे दर बदलले. त्याआधी क्यू-थ्रीसारख्या गाडीवर २८ टक्के कर आणि २२ टक्के उपकर, मिळून ५० टक्के लागत. ते जाऊन सरळ ४० टक्के झाले. लहान मोटारींवर १८ टक्के ठेवले. शेतीच्या ट्रॅक्टरवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला, हेही त्याच दिवसापासून. क्यू-थ्रीची सुरुवातीची किंमत तेव्हा ४६ लाख १४ हजारांवरून ४३ लाख ७ हजारांवर आली.

गुरुजन हो, आता फळ्यावर या. वर्गात विचारा, "४३ लाख ७ हजारांत ४० टक्के कर धरलेला आहे, तर कराआधीची किंमत किती?" निम्मी मुले ४३ लाख ७ हजारांचे ४० टक्के काढतील आणि तेवढे वजा करून पावणेसव्वीस-सव्वीस लाख असे उत्तर देतील. ते चुकीचे आहे. कर मूळ किमतीवर बसतो, एकूण किमतीवर नाही. म्हणून १४० ने भागून १०० ने गुणायचे. उत्तर येते ३० लाख ७६ हजार. पडताळा पाहायचा असेल तर जुनी किंमत ४६ लाख १४ हजार घ्या, तिला १५० ने भागून १०० ने गुणा. तेच, ३० लाख ७६ हजार! म्हणजे कंपनीने आपला भाव एका पैने हलवला नव्हता. हलला तो फक्त कर. वर्तमानपत्रात "मोटार तीन लाखांनी स्वस्त" असे वाचले, तरी स्वस्त कोणी केली, हे सातवी-आठवीच्या गणिताने सिद्ध होते. असा धडा मुले जन्मभर विसरत नाहीत.

पुढे चला. दुकानातला हा भाव झाला. गाडी रस्त्यावर आणायची तर महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल मोटारीला एकदाच भरायचा वाहनकर १३ टक्के. ४३ लाख ७ हजारांवर तो ढोबळमानाने ५ लाख ६० हजार होतो. वस्तू व सेवा कर १२ लाख ३१ हजार, अधिक हे ५ लाख ६० हजार. एकूण कर १७ लाख ९१ हजार. विमा आणि किरकोळ खर्च सोडून गाडी पडली ४८ लाख ६७ हजारांना. शंभर रुपयांतले सुमारे ३७ रुपये सरकारजमा झाले. श्रीमंती वस्तूवर जास्त कर असावा, याला आमची हरकत नाही. त्या पैशातून रस्ते आणि शाळा होतात. आमचे म्हणणे इतकेच की, "पन्नास लाखांची गाडी" असे जेव्हा शेजारी कौतुकाने म्हणतो, तेव्हा गाडी तीस-एकतीस लाखांची असते. उरलेले पावती आहे.

कर गाडीचे रूपही घडवतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींचा अबकारी कर कमी केला गेला, आणि लहान म्हणजे चार मीटरांहून लांब नसलेली, असे माप ठरले. त्याबरोबर इंजिनाचीही मर्यादा घातली. झाले! गाड्यांच्या शेपट्या छाटल्या जाऊ लागल्या. आपल्या गावोगावी दिसणारी महिंद्रची बोलेरो पूर्वी चार मीटरांहून लांब होती. २०१६ मध्ये तिचा ३,९९५ मिलिमीटरांचा अवतार आला. पाच मिलिमीटर राखून! काही गाड्यांचे मागचे अंग अचानक तुटल्यासारखे दिसते. तिथे चित्रकाराच्या हातात कात्री होती ती कायद्याची. क्यू-थ्रीसारख्या गाडीला ही कात्री लागली नाही, म्हणून तिची पाठ सुबक उतरते. त्या उताराचेही मोल आपणच देतो.

आता कुणी विचारील, "मग काय, शेतकऱ्याने हौस करूच नये? देखणी वस्तू फक्त शहरातल्यांच्या दारात शोभते का?" हा प्रश्न मोलाचा आहे, आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही.

हौस ही खेड्याची मिरास आहे. पोळ्याला बैलाची शिंगे रंगतात, बाशिंगे चढतात, पाठीवर झूल येते. वर्षभर चटणी-भाकर खाणारा माणूस त्या दिवशी बैलापुढे पुरणपोळी ठेवतो. बैलगाडीच्या साट्यांवर वेलबुट्टी काढणारे सुतार आपल्याकडेच होते. तेव्हा देखणेपणाची चाड आम्हाला नव्याने शिकवायला नको. आणि थाटाच्या मोटारींचे म्हणाल, तर २०१० च्या ऑक्टोबरात याच शहरातल्या, तेव्हाच्या औरंगाबादेतल्या मंडळींनी एका दिवसात १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांचा व्यवहार. मराठवाडा मागासलेला, असे म्हणणाऱ्यांना दाखवावे, शहराचे नाव उद्योगजगतात व्हावे, हा हेतू त्यामागे होता. कुणी कौतुक केले, कुणी नाके मुरडली. आम्हाला त्यातली एकच गोष्ट ध्यानात ठेवावीशी वाटते. त्यांनी मागणी एकत्र केली, म्हणून कर्जाच्या व्याजात सवलत पदरात पाडून घेता आली. म्हणजे साखर कारखान्याला आणि दूध संघाला जी अक्कल आपण लावली, तीच त्यांनी चैनीच्या वस्तूलाही लावली. दुकानात एकटा गेलेला माणूस रूप पाहतो. चौघे मिळून गेले की भाव पाहतात.

पण उद्योजकाची मोटार आणि शेतकऱ्याची मोटार, दोन्ही एकाच किमतीच्या असतात का? बिलावर असतात, हिशेबात नसतात. व्यापारी किंवा कारखानदार ती धंद्यासाठी वापरत असेल, तर आयकरात दरवर्षी १५ टक्के घसारा दाखवतो आणि तेवढ्या रकमेवरचा कर वाचवतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. म्हणून शेतकऱ्याला तो घसारा कुठे दाखवायचीही सोय नाही. त्याच्या खिशातून गेलेला रुपया पुरा रुपया असतो. तीच वस्तू, तोच भाव; भार मात्र त्याच्यावर अधिक.

आणि ज्या घरात हा पैसा जमिनीचा आलेला आहे, तिथे तर फार जपून पाऊल टाकले पाहिजे. विमा कंपन्या गाडीची किंमत वर्षावर्षाने कशी उतरते, त्याचा एक तक्ता वापरतात. एक वर्ष पुरे होईतो १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, आणि पाचव्यात ५० टक्के. म्हणजे ४३ लाख ७ हजारांची गाडी पाचव्या वर्षी साडेएकवीस लाखांची. वाहनकराचे ५ लाख ६० हजार परत येणारच नाहीत. दोन्ही मिळून २७ लाखांवर गेले. पाच वर्षांचे दिवस १,८२५. भागून पाहा, रोजचे १,४८७ रुपये. पेट्रोल, टायर, विमा, देखभाल यांतले काही न धरता. गाडी रात्रंदिवस झाडाखाली उभी राहिली तरी सूर्योदयाबरोबर पंधराशे रुपये उडाले. दहा एकर गेली, तिच्या जागी दारात जे उभे आहे, ते पाच वर्षांत निम्मे होणारे लोखंड आहे, हे घरातल्या थोरल्याने धाकट्याला बसवून सांगितले पाहिजे. जमीन गेल्यावर जमीनच घ्यावी असेही नाही. मुलांचे शिक्षण आहे, दुकान आहे, विहीर-बागायत आहे. पण आधी पुन्हा पिकणारे काहीतरी, आणि त्याच्या फळातून मोटार. मुळावर घाव घालून नव्हे.

पगारदार मंडळींनाही दोन शब्द. "हप्त्यावर घेऊ" हे वाक्य फार गोड वाटते. उदाहरणादाखल ३५ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ५६,३०० रुपये. एकूण फेड ४७ लाख ३० हजार; म्हणजे व्याज १२ लाखांवर. आणि २०२५ च्या हंगामातला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये धरला, तर मूळ दुकानातल्या भावातच ८०८ क्विंटल सोयाबीन जाते. त्या हंगामात कित्येक बाजार समित्यांत भाव हमीभावाच्याही खाली होता, हे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी स्वतः सोसले आहे.

मग या मोटारीविषयी आमचा निवाडा काय? रूप चांगले आहे, तोंडावरचा आव थोडा कमी असता तर अधिक चांगले. बांधणी उत्तम. जिवाची काळजी घेणारी. भाव मात्र तिच्या अंगापेक्षा तिच्या नावाचा अधिक, आणि त्या नावावरही सरकारने कर बसवलेला. ज्याच्या धंद्याला तो पेलतो, त्याने ती घ्यावी आणि आनंदाने वापरावी. ज्याला त्याच कारखान्यातली, त्याच इंजिनाची बहीण तेरा लाखांनी कमी भावात मिळत होती, त्याने ती नाकारताना निदान एकदा विचार करायला हवा होता. आणि ज्याचा पैसा जमिनीचा आहे, त्याने दुकानाच्या काचेबाहेर थांबून आधी कागद-पेन्सिल घ्यावी.

त्या कागदावर चार आकडे लिहावेत. कराआधीची किंमत किती, कर किती, पाच वर्षांनी उरणार किती, आणि याच अंगाची दुसरी गाडी कितीला. हे चार आकडे घरातल्या बाईमाणसांसमोर मोठ्याने वाचावेत. घरचा खर्च त्याच चालवतात, त्यांना लगेच उमगते. मग दुकानात जावे. दुकानदाराचे चहापाणी घ्यावे, गाडीत बसून पाहावे, मन भरून पाहावे. रूप पाहायला पैसे पडत नाहीत.